लाकडी गावचर्चचा इतिहास कसा लिहावा: फिनलंडच्या लुथरन चर्चसाठी कामाची रीत

फिनलंडमधल्या जुन्या लाकडी चर्चची माहिती शोधायला गेलं की बहुतेक ठिकाणी पाटीवर एकच वर्ष लिहिलेलं सापडतं. इतिहास लिहिणारा पहिली चूक इथेच करतो. ते वर्ष उचलतो, पहिल्या वाक्यात बसवतो आणि मग पुढचं सगळं त्याच्याभोवती रचत जातो. पण अशा चर्चला एक वर्ष नसतं. मंडळीचा, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांच्या संस्थेचा, ठराव एका वर्षी होतो, ओंडके तोडायचे दुसऱ्या हिवाळ्यात, भिंती पुढच्या उन्हाळ्यात उभ्या राहतात, समर्पणविधी आणखी नंतर. बाहेरच्या फळ्या, आतली चित्रं आणि घंटामनोरा यांच्यात तर कधी पिढीचं अंतर असतं. म्हणून हाती आलेल्या प्रत्येक वर्षाला आधी विचारायचं: तू नेमक्या कुठल्या कामाचं वर्ष आहेस? या एका प्रश्नाभोवती खालची सगळी रीत बांधलेली आहे.

वेळेचा अंदाज असा धरा: दप्तर वाचायला सर्वांत जास्त, इमारत मोजायला दोन-तीन पूर्ण दिवस आणि लिहायला त्या मानाने कमी. इमारतीचं काम उन्हाळ्यात ठेवा. अनेक जुन्या चर्चमध्ये उष्णतेची सोय नसते आणि माळ्यावर दिव्याच्या उजेडात बोटं गारठली की मोजमाप चुकतं.

आधी मूळ मंडळी शोधा

कागद शोधण्याआधी चर्च त्या काळी कोणाच्या हाताखाली होतं ते ठरवा. फिनलंडमधल्या मंडळ्यांची उतरंड असायची. वर एमॅसेउराकुन्ता, म्हणजे मूळ मंडळी, तिच्याखाली कप्पेली, म्हणजे उपमंडळी, आणि त्याहून लहान वस्त्यांसाठी प्रार्थनागृह. आजचं स्वतंत्र गाव शंभर-दोनशे वर्षांपूर्वी दुसऱ्याच मंडळीत मोडत असेल, तर जुने कागद त्या मंडळीच्या नावाखाली लागतात. पेतॅयॅवेसीचं प्रसिद्ध जुनं चर्च बांधलं गेलं तेव्हा ते गाव यॅम्सॅ मंडळीत होतं. फक्त ‘पेतॅयॅवेसी’ हे नाव घेऊन शोधणाऱ्याला सुरुवातीचं फारसं काही मिळत नाही आणि मग ‘कागद नष्ट झाले’ असं घाईने लिहिलं जातं. नष्ट झालेले कागद आणि दुसऱ्या कपाटातले कागद यांत फरक आहे.

नावांची दुसरी अडचण भाषेची. १८०९ पर्यंत फिनलंड स्वीडनच्या राज्यात होतं आणि चर्चचं दप्तर त्यानंतरही बरीच दशकं स्वीडिशमध्येच लिहिलं गेलं. वोयरी तिथे वोरो होतं, इसोक्यूरो हे स्टोरक्यूरो होतं. माणसांचीही तीच गत. फिनिश इतिहासात याक्को क्लेमेतिनपोइका असलेला सुतार दप्तरात याकोब क्लेमेट्सोन म्हणून येऊ शकतो. दोन्ही नावांचा अर्थ एकच: क्लेमेतचा मुलगा याकोब. कामाला लागण्यापूर्वी गाव, शेजारची गावं आणि माहीत असलेले सुतार यांची दोन्ही भाषांतली रूपं एका कागदावर लिहून समोर ठेवा.

दप्तरात काय वाचायचं आणि कुठल्या क्रमाने

मंडळ्यांचं जुनं दप्तर आता मोठ्या प्रमाणात राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि त्याच्या प्रतिमा इंटरनेटवर पाहता येतात. जन्म, विवाह, मृत्यू यांच्या नोंदींसाठी ‘हिस्की’ ही शोधसूची उपयोगी पडते. पण सूची ही सूचीच. तिच्यात सापडलेली नोंद मूळ पानाच्या प्रतिमेशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नका.

बहुतेक जण मंडळीच्या सभांच्या इतिवृत्तांपासून सुरुवात करतात, कारण ती वाचायला रंजक असतात. आमचा सल्ला उलटा आहे: जमाखर्चाच्या वह्या आधी घ्या. इतिवृत्तात लोकांनी काय करायचं ठरवलं ते असतं, तर जमाखर्चात काय झालं ते. ‘नवं छप्पर घालावं’ हा ठराव तीन सभांत तीनदा होतो. खिळ्यांचे, डांबराचे आणि सुताराच्या मजुरीचे पैसे मात्र काम झाल्यावरच खर्ची पडतात आणि त्याचा हिशेब तपासणीला येणाऱ्या वरिष्ठ पाळकांसमोर, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंसमोर, ठेवावा लागतो.

जमाखर्च वाचताना एक धागा शेवटपर्यंत पकडून ठेवा: डांबर. पाइनच्या मुळा-बुंध्यांतून काढलेलं हे लाकडी डांबर फळकुटांच्या छपराला दर काही वर्षांनी लावावंच लागायचं. पिपं विकत घेतल्याच्या नोंदी ठरावीक अंतराने येत राहिल्या तर छप्पर तेच आहे. त्या नोंदी अचानक थांबल्या तर दोनच शक्यता: मधली वही गहाळ आहे, किंवा छप्पर बदललं. पुढच्या काही पानांत पत्र्याचा किंवा नव्या रंगाचा खर्च दिसला की प्रश्न सुटतो. कुठल्याही ठरावात न सापडणारी गोष्ट अशी हाती लागते.

त्यानंतर तपासणीचे अहवाल. बिशप किंवा रोव्हास्ती, म्हणजे विभागाचे वरिष्ठ पाळक, मंडळीला भेट देत तेव्हा इमारतीची अवस्था लिहिली जाई: भिंत कलली आहे, तळाचे ओंडके कुजले आहेत, बाक पुरत नाहीत. मग सामानाच्या याद्या, म्हणजे प्रभुभोजनाचा प्याला, वेदीवरचं वस्त्र, मेणबत्तीदाण्या, घंटा. दोन याद्या शेजारी ठेवल्या की मधल्या काळात काय आलं आणि काय गेलं ते कळतं. १७१३ ते १७२१ हा रशियन ताब्याचा काळ फिनिश लोक ‘इसोविहा’, म्हणजे महाक्रोध, म्हणून ओळखतात. त्याच्या आधीची आणि नंतरची यादी दोन्ही मिळाल्या तर ती तुलना चुकवू नका. त्या वर्षांत पाळक पळून गेले, घंटा लपवल्या गेल्या आणि पुष्कळ दप्तर कायमचं हरवलं.

सुताराचा माग काढायचा असेल तर रिप्पिकिर्या उघडा. १६८६ च्या चर्च कायद्यानंतर या वह्या रुळत गेल्या. घरागणिक प्रत्येक माणूस, त्याला वाचता येतं का, धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी किती पाठ आहे आणि प्रभुभोजनाला कधी आला, हे त्यात लिहिलेलं असतं. चर्चबांधणीचे उस्ताद बहुधा शेतकरीच होते, त्यामुळे ते कुठल्या घरचे, मुलगा-नातू त्याच धंद्यात गेले का, हे इथे सापडतं. पेतॅयॅवेसीचं चर्च याक्को क्लेमेतिनपोइका लेप्पॅनेन यांनी बांधलं आणि त्याचा घंटामनोरा पुढे त्यांचे नातू एर्क्की यांनी. अशी घराणी ओळखता आली की शेजारच्या गावांतली चर्चही नव्याने समजायला लागतात.

नकाशांसाठी दोन तारखा ध्यानात ठेवा. १७७६ पासून सार्वजनिक इमारतींचे नकाशे मंजुरीसाठी स्टॉकहोमला पाठवावे लागत. रशियाच्या अमलाखाली फिनलंडमध्ये त्यासाठी स्वतंत्र कचेरी झाली आणि १८२४ पासून तिचे प्रमुख वास्तुशिल्पी कार्ल लुडविग एंगेल होते. म्हणून १८२४ ते १८४० मधल्या चर्चवर एंगेलचं नाव सर्रास चिकटवलेलं दिसतं. मंजूर नकाशा म्हणजे बांधलेली इमारत नव्हे. गावच्या उस्तादाने खिडक्यांची संख्या, घुमटाची उंची, कोपऱ्यांची रचना बदललेली असते. नकाशाची प्रत घेऊन चर्चमध्ये जा आणि फरक एकेक करून लिहा. इतिहासाचा सर्वांत मोलाचा भाग अनेकदा त्या फरकांतच असतो, कारण कचेरीला काय हवं होतं आणि गावाला काय जमलं ते तिथे दिसतं.

जुनं हस्ताक्षर वाचायला सराव लागतो. १८व्या शतकातलं स्वीडिश लिखाण बरंचसं जर्मन वळणाच्या अक्षरात असतं. वही मागून पुढे वाचत या: १८६० च्या आसपासच्या वाचता येणाऱ्या पानांपासून सुरू करून एकेक दशक मागे. तेच शब्द, तीच घरांची नावं पुन्हा पुन्हा येतात आणि डोळा तयार होतो.

तारीख, पैसा, माप

तिन्हींत सापळे आहेत.

स्वीडनने, म्हणजे फिनलंडनेही, नवं पंचांग १७५३ मध्ये स्वीकारलं. १७ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च उजाडला. त्याआधीच्या तारखा कागदावर जशा आहेत तशाच लिहा आणि जुन्या पंचांगाच्या आहेत एवढं नोंदवा. १७०० ते १७१२ या काळात तर स्वीडनचं पंचांग जगात कुणाशीच जुळत नव्हतं आणि १७१२ मध्ये ३० फेब्रुवारी हा दिवस खरोखर होता. ती तारीख दिसली की लेखनिकाची चूक समजून ‘दुरुस्त’ करू नका.

पैशांत १७७६ ही मोठी रेघ. त्याआधी हिशेब तांब्याच्या आणि चांदीच्या डालरमध्ये, चांदीचा एक म्हणजे तांब्याचे तीन. १७७६ मध्ये रिक्सडालर आला आणि चांदीचे ६ किंवा तांब्याचे १८ डालर एका रिक्सडालरबरोबर धरले गेले. १८०९ नंतर रूबल, १८६० पासून मार्क्का. सुताराची मजुरी आजच्या युरोत सांगण्याचा मोह टाळा, तो आकडा फसवाच निघतो. त्यापेक्षा त्याच वहीतल्या दुसऱ्या खर्चाशी तुलना करा: उस्तादाची पूर्ण मजुरी किती डांबराच्या पिपांइतकी होती, किती खिडक्यांच्या काचेइतकी होती.

मापांचा उपयोग मात्र सोन्यासारखा आहे. जुना उस्ताद क्यूनॅरॅ या मापात विचार करायचा. एक क्यूनॅरॅ म्हणजे ५९.३८ सेंटिमीटर, म्हणजे २९.६९ सेंटिमीटरचे दोन फूट. तीन क्यूनॅरॅ मिळून एक स्युली, सुमारे १.७८ मीटर. भिंतीची लांबी मीटरमध्ये मोजा आणि ०.५९३८ ने भागा. १७.८१ मीटरची भिंत बरोबर ३० क्यूनॅरॅ, म्हणजे १० स्युली भरते. एका भागाची मापं अशी पूर्णांकात बसतात आणि शेजारच्या भागाची बसत नाहीत, तर दोन भाग एकाच हातचे नसण्याची शक्यता धरून सांधा शोधायला लागा. लाकूड आकसतं, भिंत कलते, त्यामुळे दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सोडून द्या. ओंडके आडवे रचलेले असल्याने लांबी फारशी बदलत नाही, उंची मात्र बदलते. पहिल्या काही वर्षांत भिंत मीटरमागे दोन ते पाच सेंटिमीटर बसू शकते. म्हणून उंचीवरून जुनं माप काढू नका.

इमारत वाचणं

आता चर्चमध्ये. मंडळीच्या कचेरीची परवानगी आधी घ्या आणि चर्चची देखभाल करणाऱ्या सुन्तिओला बरोबर घ्या. कुठली फळी सुटी आहे, माळ्याची शिडी कुठे आहे, कुठल्या कोपऱ्यात पाणी येतं हे त्यालाच ठाऊक असतं. १९१७ पूर्वी बांधलेल्या लुथरन चर्च-इमारती कायद्याने संरक्षित आहेत. साधी फळी उचकटायची असली तरी स्वतःच्या मनाने उचकटायची नाही. जमिनीखाली तर मुळीच उतरू नका: १९व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चर्चच्या फरशीखाली माणसं पुरली जात होती आणि तिथलं सगळं पुरातत्त्वाच्या कायद्यात येतं.

पहिलं काम तळनकाशा. फिनलंडच्या लाकडी चर्चचे आकार समजायला एकच गोष्ट पुरते: ओंडक्याची लांबी. चांगला सरळ पाइन दहा-बारा मीटरपेक्षा फार लांब मिळत नाही आणि लांब सरळ ओंडक्याची भिंत वाऱ्याने व छपराच्या रेट्याने फुगते. १७व्या शतकातल्या उस्तादांनी यावर उपाय काढला तो भिंतीत ओंडक्यांचे पोकळ चौकोनी खांब विणण्याचा. वोयरीचं १६२६ चं आणि तोर्नियोचं १६८६ चं चर्च त्या पद्धतीचं. पुढे क्रॉसचा आकार आला. चार फाटे, बारा कोपरे, आणि प्रत्येक कोपरा भिंतीला आपोआप ताठ धरतो. लुथरन उपासनेलाही हा आकार मानवला, कारण प्रवचन सर्वांना ऐकू यायला हवं आणि चारही फाट्यांतून पुलपिट, म्हणजे प्रवचनाचा उंच ओटा, दिसतं. सोदानक्युलॅचं १६८९ चं चर्च मात्र साधी लांबट पेटी आहे, लहान मंडळीला तेवढं पुरत होतं. तुमच्या चर्चचा आकार यांपैकी कुठला हे ठरवा, पण आकारावरून थेट वर्ष ठरवू नका. वोयरीच्या चर्चला दीडशे वर्षांनी बाजूचे फाटे जोडून क्रॉस केलं गेलं. असं जोडकाम ओळखायचं तर कोपरे पाहावे लागतात.

एक कोपरा नीट पाहू. बाहेरच्या फळ्यांमुळे तो दिसत नसेल तर माळ्यावर जा, तिथे ओंडके उघडे असतात. बॅटरी ओंडक्याला जवळजवळ चिकटवून तिरपी धरा. समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही. तिरप्या उजेडात लाकडावर उथळ, किंचित वक्र खापा उमटतात, एकाआड एक, तळहाताएवढ्या. ही पीलुकिर्वेसची, म्हणजे रुंद पात्याच्या तासणीच्या कुऱ्हाडीची खूण. खापा एका दिशेने झुकलेल्या असतात, त्यावरून तासणारा कुठल्या बाजूने सरकत होता तेही कळतं. ओंडक्यांच्या मधल्या फटीत वाळलेलं शेवाळ दिसेल, ते वारा अडवायला बांधतानाच भरलेलं असतं. मग टोकाजवळ सरळ छिन्नीचे घाव शोधा: एक रेघ, दोन रेघा, फुली. हे रोमन आकडे. ओंडके जमिनीवर जुळवून, खुणा करून, सुटे करून पुन्हा रचल्याचा हा पुरावा. खालून वर आकडे क्रमाने येत असतील तर भिंत मूळची. मध्येच क्रम तुटला, किंवा एखाद्या ओंडक्यावर कशालाच न लागणारी रिकामी खाच आणि खुंटीचं भोक असलं, तर तो ओंडका दुसरीकडून आणलेला आहे, बहुधा आधीच्या चर्चमधून. जुनं चर्च पाडून त्याचं चांगलं लाकूड नव्यात वापरणं ही नेहमीची रीत होती.

कोपऱ्याचा सांधाही बघा. ओंडक्यांची टोकं बाहेर डोकावत असतील तर लांब कोपरा. टोकं भिंतीशी सपाट कापलेली आणि तिरकस दातांत अडकवलेली असतील तर तो लोहेनपुर्स्तो, म्हणजे सामन माशाची शेपटी. चर्चच्या कामात हा नीटस सांधा फार दिसतो, कारण त्यावर बाहेरून फळ्या मारता येतात. एकाच इमारतीत दोन जातीचे सांधे सापडले, तर दोन वेगळी कामं आहेत असं समजून शोध सुरू करा.

करवतीच्या खुणा वर्षांची बाजू पक्की करतात. सरळ, समांतर, एकसारख्या अंतराच्या रेघा म्हणजे वरखाली चालणारी पाणचक्कीची करवत. कमानीसारख्या रेघा म्हणजे गोल करवत आणि तशी फळी बहुधा १९व्या शतकाच्या उत्तरार्धातली किंवा नंतरची. खिळे तसेच. हाताने घडवलेला खिळा चौकोनी आणि चारही बाजूंनी निमुळता, डोक्यावर हातोड्याचे पैलू. गोल तारेचा खिळा १९व्या शतकाच्या अखेरीस सर्रास झाला. फळी जुनी आणि खिळा नवा हे चालतं, फळी पुन्हा ठोकली असेल. जुन्या भोकात नवा खिळा आहे का ते पाहा.

बाहेरच्या फळ्या हा स्वतंत्र टप्पा आहे, त्याचं वर्ष वेगळं लिहा. ओंडक्यांची भिंत बसून स्थिर झाल्याशिवाय तिच्यावर फळ्या मारल्या तर त्या फुगतात आणि फाटतात, म्हणून शहाणा उस्ताद थांबायचा. शिवाय रंगाची आवड बदलत गेली. आधी उघडे ओंडके, डांबर किंवा गेरूचा लाल, आणि १९व्या शतकात फळ्यांवर पिवळा वा पांढरा रंग, चुन्याच्या दगडी इमारतीसारखा दिसावा म्हणून. रंगाचा थर तपासायचा तर उन्हापावसापासून वाचलेली जागा पाहा: छपराच्या पाखीखाली, दाराच्या चौकटीमागे, नंतर बांधलेल्या पोर्चच्या आत झाकल्या गेलेल्या भिंतीवर. खरवडणं हे संवर्धकाचं काम, तुम्ही फक्त जागा दाखवा.

आतमध्ये क्रम असा ठेवा: वेदी, पुलपिट, सज्जा, बाक, मग चित्रं. सज्जा जवळपास नेहमी नंतरचा असतो, मंडळी वाढली की तो येतो. त्याच्या खांबांनी बाक कापले आहेत का ते पाहिलं की पटतं. बाकांवर घरांची किंवा गावांची नावं, आकडे, कोरलेली अक्षरं असतील. जागा वाटून दिलेल्या असायच्या, बायका उत्तरेच्या बाजूला आणि पुरुष दक्षिणेच्या, आणि त्यावरची भांडणं इतिवृत्तांत हमखास मिळतात. ही भांडणं गावच्या श्रेणीचा फार चांगला पुरावा आहेत, त्यांना क्षुल्लक समजून गाळू नका. प्रवेशाच्या खोलीला असेहुओने, म्हणजे शस्त्रांची खोली, म्हणतात. शिक्षेसाठीचं पायाचं खोडं तिथेच असायचं. दाराबाहेर किंवा मनोऱ्यापाशी लाकडी भिकाऱ्याचा पुतळा असेल तर तो वैवाइसउक्को, छातीत नाण्यांची फट असलेली गरिबांसाठीची दानपेटी. त्याच्या रंगाचे आणि दुरुस्तीचे खर्चही जमाखर्चात शोधा.

चित्रांचं वर्ष इमारतीला लावू नका. हाउकिपुदासचं चर्च १७६० च्या दशकात उभं राहिलं आणि मिकाएल टोपेलिउस यांनी आतली चित्रं १७७० च्या दशकात केली. दहा वर्षं मंडळी कोऱ्या भिंतींत बसत होती. वेदीजवळ रोमन कॅथलिक काळातली संताची मूर्ती दिसली तरी गोंधळू नका. स्वीडनच्या राज्यात धर्मसुधारणा १५२७ पासून सुरू झाली, पण मूर्ती सरसकट फेकल्या गेल्या नाहीत. जुन्या चर्चमधून नव्यात त्या हलवल्या गेल्या. घंटेचंही तेच. तिच्यावर ओतलेलं वर्ष घंटेचं असतं, आणि घंटा इमारतीपेक्षा जुनीही असते, फुटून पुन्हा ओतलेली म्हणजे नवीही असते. घंटेवरचा पूर्ण मजकूर ओळीओळीने उतरवून घ्या. त्यात कधी राजाचं, कधी पाळकाचं, कधी ओतणाऱ्याचं नाव असतं. कागद आणि पेन्सिलीने ठसा घेतला तर फोटोपेक्षा स्पष्ट येतो.

वर्षवलयांची चाचणी

कागद आणि इमारत यांचं भांडण मिटत नसेल तर लाकडालाच विचारावं लागतं. ही चाचणी प्रयोगशाळेकडून करून घ्यायची असते. त्यासाठी मंडळीची लेखी परवानगी हवी आणि राष्ट्रीय वारसा खात्याचं मत घ्यावं लागतं. लॅपलँडच्या पाइनची वलयमालिका, म्हणजे दर वर्षीच्या वलयाच्या जाडीची सलग नोंद जिच्याशी नमुना ताडतात, ती सात हजारांहून अधिक वर्षांची आहे. पाइनवर काम करणाऱ्यांना फिनलंडसारखी सोय थोड्याच ठिकाणी मिळते.

पोकळ गिरमिटाने सुमारे ५ मिलिमीटर जाडीची कांडी काढतात आणि भोक पाइनच्या खुंटीने बुजवतात. तुमचं काम योग्य ओंडके निवडून देणं. सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे: झाडाची बाहेरची कड, सालीच्या लगेच आतली. ती शाबूत असेल तर तोडल्याचं वर्ष मिळतं. शेवटचं वलय पूर्ण झालेलं असेल तर झाड हिवाळ्यात पडलं हेही कळतं. तासताना ती कड गेली असेल तर ‘या वर्षानंतर कधीतरी’ एवढंच हाती लागतं. भिंतीचे ओंडके दोन्ही बाजूंनी तासलेले असल्यामुळे कड तिथे क्वचितच मिळते. माळ्यावरच्या वाशांवर आणि तुळयांवर गोल, न तासलेला भाग शोधा. पन्नासाहून कमी वलयं असलेला ओंडका सोडून द्या, शंभराच्या आसपास असतील तर उत्तम. बांधकामाच्या प्रत्येक टप्प्यासाठी आठ-दहा नमुने धरा.

एका नमुन्यावर निष्कर्ष काढणं ही इथली नेहमीची चूक. तो ओंडका नेमका जुन्या चर्चमधून आणलेला निघाला तर तुमचं चर्च कागदावर पन्नास वर्षांनी म्हातारं होतं. बहुतेक नमुने एक-दोन हिवाळ्यांभोवती गोळा झाले, तरच ते बांधकामाचं वर्ष. प्रत्येक नमुन्याची जागा लिहा: कुठला फाटा, कुठली भिंत, तळापासून कितवा ओंडका, जमिनीपासून किती उंचीवर.

दंतकथा तपासणं

केरिमॅकीचं चर्च १८४७ चं, जगातल्या सर्वांत मोठ्या लाकडी चर्चमध्ये गणलं जाणारं. आत तीन हजारांहून अधिक माणसं बसतात. त्याच्याबद्दल सांगतात की नकाशा फुटांत होता आणि सुताराने तो मीटरमध्ये वाचला. हे तपासायला दप्तरही उघडावं लागत नाही. फिनलंडमध्ये मीटर आला तो १८८७ पासून, आणि पूर्णपणे लागू झाला १८९२ मध्ये. १८४७ च्या गावच्या सुताराकडे मीटरची पट्टीच नव्हती. चर्च मोठं झालं कारण मंडळी मोठी होती आणि तिच्यातली जवळपास निम्मी माणसं एका वेळी आत मावावीत असा हेतू होता.

गावच्या प्रत्येक कथेवर हाच इलाज करा: तिच्यात एखादी वस्तू, माप, पद किंवा पैसा असतो, तो त्या काळी होता का ते पाहा. कथा खोटी ठरली तरी फेकू नका. ती कधीपासून सांगितली जाते, हाही इतिहासाचा भाग आहे, फक्त तो वेगळ्या परिच्छेदात यायला हवा. चर्चच्या शताब्दीला छापलेल्या पुस्तिकेची बाब अशीच. तिच्यातलं प्रत्येक वर्ष मूळ कागदापर्यंत मागे न्या. पाच पुस्तिका एकच वर्ष देत असतील तर ते पाच पुरावे नसतात. चौघांनी पहिल्याचं उतरवलेलं असतं.

२०व्या शतकाचा थर

हा थर सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत फसवा. पेतॅयॅवेसीचं चर्च १८७९ मध्ये नवं चर्च झाल्यावर वापरातून गेलं. ऑस्ट्रियन कला-इतिहासकार योझेफ स्ट्रझिगोव्स्की यांचं लक्ष त्याच्याकडे गेल्यावर १९२० च्या दशकात दुरुस्ती सुरू झाली आणि १९९४ मध्ये ते युनेस्कोच्या यादीत आलं. न वापरल्यामुळेच ते वाचलं. वापरातल्या चर्चमध्ये मात्र वीज, शेगड्या, नवे बाक आले, आणि नंतर ‘मूळ रूप’ परत आणण्याच्या नावाखाली काही जागी जुना रंग खरवडून उघडं लाकूड केलं गेलं. आज दिसणारा साधेपणा १७६० चा नसून अशा दुरुस्तीचा असू शकतो. दुरुस्तीच्या आधीचे फोटो आणि वास्तुशिल्पींचे अहवाल मिळवल्याशिवाय आतल्या रूपाबद्दल एक ओळही लिहू नका.

लिहिताना

आधी चार रकान्यांचा तक्ता करा: वर्ष, काम, आधार, खात्री किती. ‘बांधलं’ हे क्रियापद तक्त्यात वापरायचं नाही. ठरवलं, तोडलं, रचलं, छप्पर घातलं, समर्पित केलं, रंगवलं, जोडलं, बदललं यांपैकीच एक. हा एक नियम पाळला तरी निम्म्या चुका आपोआप गळतात.

मग मजकूर. ‘चर्च १७६५ मध्ये बांधलं’ याऐवजी पेतॅयॅवेसीबद्दल असं लिहिता येतं: ‘चर्चचं काम १७६३ ते १७६५ या काळात याक्को क्लेमेतिनपोइका लेप्पॅनेन यांच्या हाताखाली झालं. आज दिसणारा घंटामनोरा १८२१ चा, त्यांच्या नातवाचा.’ वाक्य थोडं लांबतं, पण प्रत्येक वर्ष आपल्या कामाला बांधलेलं राहतं. दोन आधार एकमेकांना छेद देत असतील तर दोन्ही द्या आणि तुमचा कल कुठे, कशामुळे, ते सांगा.

आधार लिहिताना मंडळीचं नाव, वहीचा प्रकार, तिचा काळ आणि पान, एवढं हवंच. फक्त ‘अभिलेखागार’ लिहिलं तर पुढच्या माणसाला तुमचं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. फोटोंना इमारतीतली जागा आणि दिवस जोडा. तक्ता, मोजमापांचा कागद, घंटेचे ठसे आणि वाचून काढलेली पानं यांची एक प्रत मंडळीच्या कचेरीत आणि एक जवळच्या प्रादेशिक संग्रहालयात द्या. छपराची पुढची दुरुस्ती निघेल तेव्हा ठेकेदार आणि वास्तुशिल्पी ती आधी मागतील.